कऱ्हेकाठच्या मूळपुरुषाच्या मागावर

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेले बहुतेक जण आधी वंशावळ मांडायला बसतात. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, आणि तिथून पुढे सगळा अंधार. माझं म्हणणं असं की सुरुवात शेतापासून करावी. निदान देशावरच्या शेतकरी घराण्यांनी तरी.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवड-जेजुरीच्या पट्ट्यात, कऱ्हेपासून फार लांब नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आमचा मूळपुरुष आला, त्याने रान मोडलं आणि गाव वसवलं. तो कुठून आला, कधी आला, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. मी माहेरचं हे कोडं सोडवायचं मनावर घेतलं आणि धाकट्या भावाला बरोबर घेऊन निघाले.

निघण्याआधी एक काम घरबसल्या होतं. आजचा सातबारा काढा आणि त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या. त्या फेरफारांचा माग काढत मागेमागे जायचं. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. पुढे अडचण येते ती गट नंबरची. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुन्या कागदांत तुमचा आजचा नंबर सापडणारच नाही. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात एकत्रीकरण योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा मागा. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची सांगड मिळते. ती हातात असल्याशिवाय पुण्याची किंवा तहसीलची फेरी मारू नका.

मग गावात जा, आणि कागद पिशवीतच ठेवून आधी शिवार फिरा. आमचे चुलत आजोबा, नाना, ऐंशी ओलांडलेले, पण बांधावरून आमच्या पुढे चालत होते. विहिरीच्या वरच्या अंगाला आमची एक लांबट पट्टी आहे. तिला सगळे ज्या नावाने ओळखतात ते एक आडनाव आहे, आमचं नव्हे. लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून कधी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, “नाना, त्या आडनावाचं गावात एकही घर नाही. मग पट्टीला त्यांचं नाव कसं?”

“पोरी, त्येंचं थळ हाय ते. आपण मागनं आलो.”

इतकं साधं उत्तर, पण घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या अगदी उलट. देशावरच्या जुन्या गावांत जमीन थळांत वाटलेली असे. ज्या घराण्याने ती पहिल्यांदा वाहितीला आणली त्याच्या आडनावाचं थळ. ते घराणं मिरासदार, म्हणजे जमीन वंशपरंपरेची, विकता-गहाण ठेवता येणारी, आणि गावात मानपान. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदाराचा वंश खुंटला किंवा घराणं परागंदा झालं की त्याची जमीन गतकुळी ठरे आणि गाव ती दुसऱ्याला कसायला देई. पण थळाचं नाव मात्र पुसत नसे. म्हणजे आमच्या विहिरीजवळची पट्टी ही कुण्या दुसऱ्याच घराण्याची पहिली वहिवाट.

ते घराणं गेलं आणि गाव ओस पडलं ते का, हे नानांना ‘होळकरी’ एवढ्या एका शब्दात ठाऊक होतं. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्यानंतर पुणे प्रांतात लुटालूट झाली, आणि पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला. त्या दोन वर्षांत पुण्याभोवतीची कितीतरी गावं बेचिराख झाली. ती पुन्हा वसवायला इस्ताव्याचे कौल दिले जात. पहिल्या साली सारा अगदी थोडा, मग दरसाल चढ, आणि ठरलेल्या साली पूर्ण दर. पडीक रानात बैल घालायला माणूस यावा म्हणून दिलेली ही सवलत. आमच्या मूळपुरुषाला शोधायचं तर या कौलांच्या आसपास, हे तिथेच नक्की झालं.

पुणे पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दप्तर, यासाठी पहिली जागा. ओळखपत्र न्या आणि विषय नेमका लिहून अर्ज करा. ‘आमच्या घराण्याची माहिती’ असं लिहिलंत तर कोणीच काही काढून देऊ शकणार नाही. तिथले कागद आडनावाने लावलेले नाहीत, त्यांची रचना प्रांत, तर्फ (म्हणजे काही गावांचा गट), मौजे (म्हणजे गाव) अशी आहे. आमच्यासाठी ‘प्रांत पुणे, तर्फ कऱ्हेपठार’ ही किल्ली ठरली. तुमचं गाव पेशवाईत कोणत्या तर्फेत होतं हे आधी शोधा, आजचा तालुका तिथे उपयोगी नाही. महसुलाच्या गोष्टींसाठी प्रांत अजमासचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहावेत.

कागद मोडीत आहेत. पुराभिलेख खातं मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं. शक्य असेल तर आधी तो वर्ग करा, नाहीतर जाणकार मोडीवाचक बरोबर न्या. आम्ही एका मोडीवाचक काकांना घेऊन गेलो होतो. काका वाचून दाखवत, मी लिहून घेत असे. त्यांनी लावून दिलेली एक सवय फार कामी आली. आधी कागदाचा सन वाचायचा. पेशवाईच्या कागदांत वापरलेली कालगणना म्हणजे सुहूर सन, तो अरबी संख्यांत लिहिलेला असतो. ‘खमस मयातैन व अलफ’ म्हणजे पाच, दोनशे आणि हजार, 1205. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, कारण सुहूर वर्ष मृगाला बदलतं. म्हणजे हे 1804-05. आम्हाला हवं होतं तेच साल.

त्या सालच्या आमच्या गावच्या कुळांच्या झाड्यात, म्हणजे कुळवार हिशेबात, मूळपुरुषाचं नाव निघालं. नावापुढे ‘उपरी’. आणि जमीन त्या गेलेल्या घराण्याच्या थळातली. काकांनी ती ओळ वाचली तेव्हा भाऊ गप्प झाला. मला मात्र आनंद झाला, तो आजही कमी झालेला नाही. गाव वसवणारा वतनदार ही घरातली गोष्ट होती. समोर उभा राहिला तो दुष्काळातून बायकापोरं घेऊन निघालेला, दुसऱ्याच्या ओसाड रानात बैल जुंपणारा माणूस. मला हा पूर्वज जास्त जवळचा वाटतो.

गावातल्याच एका घरी जपून ठेवलेल्या महजराचंही, म्हणजे गावसभेच्या निवाडापत्राचंही, दर्शन घडलं. खाली गावकऱ्यांच्या निशाण्या आहेत. कुणब्याच्या नावापुढे छोटासा नांगर काढलेला, न्हाव्यापुढे आरसा. नांगराचा इसाड आणि रुमणं दोन फटकाऱ्यांत उमटवलेली, शाई अजून काळीभोर. असे कागद घरोघरी ट्रंकांत पडून आहेत. कोणी दाखवला तर तिथेच, त्यांच्यासमोर फोटो घ्या. मूळ कागद मागू नका, आणि प्लास्टिकमध्ये चिकटवून लॅमिनेट तर कधीच करू देऊ नका.

मधल्या काळासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूच्या नोंदींना उत्तम. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर असे जुने कागद बाहेर काढले गेले, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांचे स्कॅन आहेत. आधी तिथे पाहा. शाळेचं जनरल रजिस्टरही विसरू नका.

आणखी एक कळकळीचं सांगणं. गावचा इतिहास विचारायला लोक पाटलाच्या वाड्यावर जातात आणि तिथूनच परततात. गावच्या शिवेची माहिती पिढ्यान्‌पिढ्या महार वतनदारांकडे असे, शिवेच्या तंट्यात त्यांच्या साक्षीला वजन होतं. आमच्या गावची जुनी पांढर, म्हणजे गावठाणाची जागा, नेमकी कुठे होती, ओढा कधी सरकला, हे आम्हाला बौद्धवस्तीतल्या एका आजींनी दाखवलं, आणि सर्व्हेच्या जुन्या नकाशाशी ते तंतोतंत जुळलं. आमच्या घरात कोणालाच ते माहीत नव्हतं.

शेवटी नाशिक. रामकुंडाच्या परिसरात तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्ये कोण ते विचारत जावं लागतं. सकाळी लवकर जा. पितृपक्ष टाळा, आणि 2027 च्या सिंहस्थ पर्वण्यांच्या दिवसांत तर हे काम काढूच नका. सासुरवाशिणींनी माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव सांगावं. आमच्या वहीत आजोबांची सही होती, त्यांच्या वडिलांचा अंगठा होता. मुलींची नावं नव्हती. मी आमची हल्लीची पिढी लिहवून घेतली तेव्हा माझं, बहिणीचं आणि आत्यांचं नाव घालायला सांगितलं. उपाध्यायांनी काहीही आढेवेढे न घेता घातलं. तुम्हीही सांगा.

निघता निघता मी त्यांना ते दुसरं आडनाव विचारलं, ज्यांचं थळ आम्ही कसतो त्यांचं. त्यांनी दुसरी वही काढली. नोंद होती. मूळ गाव आमचंच लिहिलेलं, ‘हल्ली वस्ती’ पुढे भीमेकाठचं एक गाव. म्हणजे वंश खुंटला नव्हता, माणसं जगायला तिकडे गेली होती. आता सुगी संपली की नानांना घेऊन तिकडे जायचं आहे. नानांनी बरोबर न्यायला त्या पट्टीतली बाजरी आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे.