तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलाला लावायचा माइकचा आर्म

"ताई, तो टेबलाला अडकवायचा माइकचा दांडा कोणता घेऊ, स्वस्तातला सांगा ना." हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, बहुतेक आमच्या वाचन ग्रुपमध्ये नव्याने आलेल्यांकडून. आम्ही काही जण दृष्टिहीन मुलांसाठी घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, पाठ्यपुस्तकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मुलं मागतील ते. स्टुडिओ वगैरे काही नाही, बेडरूम, बंद खिडकी, बंद पंखा आणि एक माइक. दरवेळी घाईघाईत अर्धवट उत्तर जातं, म्हणून आता एकदाच नीट लिहिते.

माइकबरोबर जो छोटा तिपाई स्टँड येतो ना, त्यावर मी पहिले सात-आठ महिने काढले. माइक असतो हनुवटीच्या खाली, मध्ये पुस्तक, मग आपण नकळत वाकत जातो, अर्ध्या तासाने मान धरते आणि वाकून बसल्यावर आवाजही घशात दाबला जातो. शिवाय टेबलावर जे काही होतं ते सगळं त्या तीन पायांवाटे सरळ माइकमध्ये चढतं, पान उलटलं, कोपर टेकलं, चष्मा ठेवला, सगळं. आणि ऐकणारी मुलं हेडफोन लावून, तोच पाठ तीन-तीनदा ऐकतात हो, आपल्याला क्षुल्लक वाटणारा धप्प त्यांना तीनदा बसतो.

अंतराचंही आहे. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी खाली येतो, पण खोलीतला फ्रिजचा, रस्त्याचा आवाज आहे तेवढाच राहतो, मग गेन, म्हणजे माइकचा आवाज उचलायचं बटण, वाढवला की आपल्याबरोबर तोही वर येतो. म्हणून माइक जवळ हवा, चार बोटांपासून फार तर एका वितीपर्यंत. पण जवळ म्हणजे तोंडासमोर नाही! आपल्या मराठीत ख, घ, फ, भ, ठ, ध असली महाप्राण अक्षरं पावलोपावली आहेत, "भारतीय", "फाळणी", "प्रथम" म्हणताना तळहात तोंडासमोर धरून बघा, हवेचा झोत लागतो. तो झोत माइकवर आदळला की भप्प असा आवाज येतो, पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची झोत अडवणारी जाळी, लावून कमी होतो पण पूर्ण जात नाही. माझा उपाय म्हणजे माइक ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला ठेवायचा, तिरका, माइकचं तोंड आपल्या तोंडाच्या दिशेनेच पण झोताच्या वाटेतून बाहेर. हे छोट्या स्टँडवर पुस्तक समोर ठेवून जमतच नाही, आर्मवर दोन सेकंदात जमतं. आर्मचे पैसे मी खरं तर एवढ्यासाठीच मोजले.

आता माझा पहिला आर्म. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसला तो घेतला, सातशेच्या आतबाहेर. पेटीवर लिहिलेलं की दीड किलो पेलतो. मी दहावीच्या इतिहासाचा एक मोठा पाठ एका बैठकीत वाचला, पाठवून दिला, आणि दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला, "ताई, पाठ छान आहे पण शेवटी शेवटी तुम्ही उठून लांब गेल्यासारखं वाटतं." मी तर जागची हललेही नव्हते. फाइल ऐकली तर खरंच, आवाज हळूहळू पातळ होत गेलेला, आणि मग लक्षात आलं की पूर्ण चाळीस मिनिटं तो आर्म केसाकेसाने खाली उतरत होता, मला समोर बसूनही कळलं नाही आणि तिला नुसतं ऐकून कळलं. मी नट जोरात आवळला, आठवड्याभरात त्या प्लॅस्टिकच्या नटाचे आटेच गेले. पाठ पुन्हा वाचला, तो भाग वेगळाच.

त्यातून शिकले ते हे, की "किती किलो पेलतो" हा प्रश्नच अर्धा आहे. स्प्रिंगवाला आर्म म्हणजे तराजू असतो, स्प्रिंग वर ओढते, माइक खाली ओढतो, दोघांचं जमलं की आर्म थांबतो. म्हणजे माइक जास्त जड असला तर आर्म खाली येतो आणि जास्त हलका असला तर आर्म वर जातो! हे दुसरं कुणी सांगतच नाही. रोड कंपनीचा जुना पीएसए-१ घ्या, चांगला आणि महाग आर्म, त्याची कंपनीने दिलेली मर्यादाच ७०० ग्रॅम ते १.१ किलो अशी आहे, खालची मर्यादा वाचलीत? आता माइक बघा, शुअर कंपनीचा एसएम-५८ भरतो सुमारे ३०० ग्रॅम. त्यांचाच एसएम-७बी साधारण पाऊण किलो, रोडचा पॉडमाइक तर ९३७ ग्रॅम. म्हणजे एका माइकला जो आर्म उत्तम, तो दुसऱ्याला निरुपयोगी असू शकतो, आणि म्हणूनच "कोणता घेऊ" याचं एकच नाव मी देत नाही.

तर आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. माइक, त्याचा होल्डर किंवा शॉक माउंट (धक्के शोषणारा होल्डर), पॉप फिल्टर, सगळं एकदम ठेवून वजन करा, नुसत्या माइकचं नको, कारण चांगला धातूचा शॉक माउंटच कधीकधी पाव किलोच्या आसपास जातो. माझं सगळं मिळून ४२० ग्रॅम भरलं. मग ताण कमीजास्त करायचा स्क्रू किंवा नट आहे का आणि तो धातूचा आहे का ते बघा, तो असेल तर हलक्या माइकलाही जुळवून घेता येतं. नसेल आणि आर्म वर जात असेल तर टोकाजवळ थोडं वजन बांधून भागतं, मी एका मैत्रिणीच्या आर्मला लोखंडी वॉशर कापडात गुंडाळून बांधून दिलेत, आहे तसं चालू आहे. आणि एक कळकळीचं सांगणं, माइक काढताना आधी दुसऱ्या हाताने आर्म घट्ट धरा, वजन गेलं की तो सपकन वर येतो आणि आपलं तोंड नेमकं तिथेच असतं.

माझे बाबा ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या ड्रॉइंग बोर्डला एक स्प्रिंगचा दिवा लावलेला असायचा, एका बोटाने ढकलायचे, जिथे सोडतील तिथे थांबायचा, मी लहानपणी तासन्‌तास तो दिवा वरखाली करत बसायचे. नंतर वाचलं की ही युक्ती जॉर्ज कारवर्डाइन नावाच्या इंग्लंडमधल्या इंजिनिअरची, तो गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करायचा आणि १९३२ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. आपला माइकचा आर्म त्याच दिव्याचं भावंड. म्हणून माझी परीक्षाही बाबांचीच आहे, आर्म बसवा, माइक लावा, एका बोटाने हलवा आणि सोडा. थांबला पाहिजे. मग चालू रेकॉर्डिंग लावून अर्धा तास तसाच सोडा, माइकच्या मागे भिंतीवर पेन्सिलची खूण करून ठेवा, खूण सुटली तर तो आर्म त्याच दिवशी परत पाठवा, परत करायची मुदत संपेपर्यंत वाट बघू नका.

टेबलाचं बोलू, कारण अर्ध्या लोकांची गाडी इथे अडते. क्लॅम्प, म्हणजे आर्म टेबलाला आवळायचा शिकंजा, बहुतेक पाच-सहा सेंटिमीटर जाडीपर्यंत उघडतो, ते पुरतं, पण टेबलाच्या कडेला खालून पट्टी ठोकलेली असते किंवा लगेच खाली ड्रॉवर असतो, मग स्क्रूला जागाच नाही. हात खाली घालून बघा, कडेपासून निदान तीन बोटं सपाट फळी मिळते का. काचेच्या टेबलाला अजिबात लावू नका. सनमायका लावलेला पार्टिकल बोर्ड असेल तर क्लॅम्पच्या वर आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, पंक्चरवाला तसाच देतो, त्याने फळी दबत नाही, क्लॅम्प सरकत नाही आणि टेबलाची धडधडही थोडी कमी चढते. लांबीसाठी टेप लावून मोजा, क्लॅम्पच्या जागेपासून आपल्या तोंडापर्यंत. आर्म पूर्ण ताणून तोंडाशी येत असेल तर तो आखूड आहे, ताणलेल्या आर्मचा क्लॅम्पवर जास्त ताण येतो. कोपर दुमडल्यासारखा वाकून आला पाहिजे.

आटे बहुतेक दोनच मापांचे असतात, ५/८ इंची आणि ३/८ इंची, माइक एकाचा आणि आर्म दुसऱ्याचा निघाला तर मध्ये घालायची छोटी पितळी बुशिंग मिळते, अगदी थोड्या पैशात. त्यासाठी आर्म बदलू नका.

स्वस्त आर्मच्या उघड्या स्प्रिंगा वाजतात. टेबलाला जरा धक्का लागला की बारीक टणण् असा आवाज घुमतो, विशेषतः पान उलटल्यावर. मी स्प्रिंगच्या पोकळीत फोमची लांब पट्टी ओढून घातली, आवाज थांबला, पाच मिनिटांचं काम. केबल वेलक्रोने बांधा पण सांध्यापाशी थोडी सैल ठेवा, नाहीतर आर्म हलवला की तीच ओढते.

हल्ली टेबलालगत आडवे येणारे, बिनस्प्रिंगचे बुटके आर्म निघालेत, दिसायला सुरेख, स्क्रीन बघून बोलणाऱ्यांना सोयीचे. आपल्याला नाहीत, कारण ते जिथून येतात तिथे आपलं पुस्तक असतं.

पैशांचं म्हणाल तर माझा आताचा आर्म तेराशेचा, चार वर्षं झाली, दोनदा नट आवळण्यापलीकडे काही केलं नाही. हजार ते दोन हजारांत धातूचे नट आणि जाड क्लॅम्प असलेला मिळतो, त्याच्या खाली जाऊ नका. आणि टेबलच डुगडुगतं असेल तर आर्म घेऊच नका, खरंच. भजनी मंडळं वापरतात तो जमिनीवरचा, आडव्या दांड्याचा स्टँड घ्या, साउंड सर्व्हिसवाल्यांकडे जुना मिळतो, तो टेबलाला शिवतच नाही त्यामुळे टेबलाचा आवाज चढायचा प्रश्नच मिटतो. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग करणाऱ्या काकू असाच स्टँड वापरतात, फक्त खोलीत जागा लागते.

पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा सगळ्याचं मिळून वजन ग्रॅममध्ये आणि फळीची जाडी एवढं पाठवा, आणि टेबलाचा फोटो खालून काढा. वरून सगळी टेबलं सारखीच दिसतात.