तुम्ही विचारलंत म्हणून : एल्डरबेरी घ्यावे का?

मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे. ऑक्टोबर उजाडून शाळांमधला खोकला घरोघर पोचू लागला की ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो : प्रतिकारशक्तीसाठी एल्डरबेरी सुरू करावे का, मुलांना द्यावे का, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांनाही ते चालेल का? हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

एल्डर हे मूळचे युरोपातले झुडूप आहे. त्याच्या पांढऱ्या फुलांचे सरबत आणि शिजवलेल्या काळ्या-जांभळ्या फळांचा, म्हणजे एल्डरबेरीचा, पाक तिकडे पिढ्यान्‌पिढ्या घरी केला जातो. इथे मात्र ते सिरप, गोळ्या आणि मुलांना खाऊ वाटतील अशा गमीज या रूपांत विकले जाते, आणि गमी म्हटली की तिच्यात साखर आलीच.

त्याच्या गुणाचा पुरावा म्हणून ज्या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो, तो नॉर्वेत झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. फ्लूची लक्षणे सुरू होऊन ४८ तास उलटले नव्हते अशा ६० जणांपैकी काहींना एल्डरबेरीचे सिरप आणि काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय सिरप दिवसातून चार वेळा, पाच दिवस देण्यात आले. एल्डरबेरी घेणाऱ्यांना सरासरी चार दिवस आधी आराम पडला. हा आकडा मला पहिल्यापासूनच जरा जास्त गोड वाटत आला आहे, कारण फ्लूवरचे मान्यताप्राप्त औषध ओसेल्टामिविर हेसुद्धा आजार साधारण एका दिवसानेच कमी करते. पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाने हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. त्यांनी तपासणीत फ्लू निश्चित झालेले, पाच वर्षे आणि त्यावरील वयाचे रुग्ण घेतले आणि २०२० साली ८७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एल्डरबेरी घेणाऱ्यांचा आजार सरासरी ५.३ दिवस टिकला आणि न घेणाऱ्यांचा ४.९ दिवस, म्हणजे फायदा काहीच दिसला नाही. ज्यांनी ओसेल्टामिविर घेतले नव्हते, त्यांच्यात तर एल्डरबेरीवाल्यांना बरे व्हायला सुमारे दोन दिवस अधिक लागले, असेही त्या आकड्यांतून निघाले. मात्र हे गणित नंतर मांडलेले असल्यामुळे त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांच्या उपयोगाचा एक अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. लांब पल्ल्याच्या विमानातील इकॉनॉमी वर्गाच्या ३१२ प्रवाशांपैकी एल्डरबेरी घेणाऱ्यांत १२ जणांना सर्दी झाली, तर न घेणाऱ्यांत १७ जणांना. हा फरक योगायोगाने पडावा इतका लहान आहे. सर्दी झालेल्यांचे एकूण दिवस मात्र ५७ विरुद्ध ११७ असे भरले. तेव्हा एल्डरबेरीने सर्दी टळत नाही, झालेली सर्दी कदाचित लवकर आटोपते, एवढेच मी निरोगी माणसाला सांगते आणि हौस असेल तर घ्या म्हणते.

‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे बाटलीवरचे वाक्य मला खटकते ते वेगळ्याच कारणाने. फ्लूमधला ताप आणि ठणका यांचा मोठा भाग विषाणूमुळे नव्हे, तर त्याच्याशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारयंत्रणेमुळे होतो, आणि ती यंत्रणा अधिक चेतवणे प्रत्येकाच्या हिताचे असतेच असे नाही. प्रयोगशाळेतील पेशींवर एल्डरबेरीचा अर्क टाकला असता दाह वाढवणारी सायटोकाइन्स (प्रतिकारयंत्रणेतील पेशींची निरोप पोचवणारी प्रथिने) वाढलेली आढळली आहेत. माणसाच्या शरीरात तसेच घडते हे सिद्ध झालेले नाही. पण ज्यांचे मूत्रपिंड बदललेले आहे, किंवा संधिवाताभ आमवात (रुमेटॉइड आर्थरायटिस), ल्युपस यांसारख्या आजारांसाठी जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत आहेत, त्यांनी तिलाच डिवचणारी वस्तू वरून घेण्यात शहाणपण नाही.

यावर मला हमखास ऐकवले जाते की आई गावी गुळवेल घेतच होती, तिला काही झाले नाही. गुळवेलीचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी काढे आणि गुळवेल घरोघर सुरू झाली, आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले असे सहा रुग्ण आढळले, ज्यांनी सर्वांनी गुळवेल घेतली होती. पुढे देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या आजाराचे स्वरूप स्वप्रतिकारजन्य यकृतदाहासारखे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटल्यासारखे, दिसले. ती खरी गुळवेल नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. एल्डरबेरी आणि गुळवेल या वेगळ्या वनस्पती आहेत आणि एकीचा दोष दुसरीवर लादता येणार नाही. तरी दोन्ही एकाच वेळी घेणारी आजी माझ्यासमोर आली की मी आधी तिच्या गोळ्यांची यादी मागते.

आता ‘घरीच ताजे सिरप करू’ म्हणणाऱ्या उत्साही मंडळींविषयी. एल्डरची पाने, देठ आणि कच्ची फळे यांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात; ती नीट शिजवल्याने निकामी होतात. १९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे परगण्यात जमलेल्या २५ जणांच्या मेळाव्यात रानातली फळे पाने-फांद्यांसकट चेचून काढलेला कच्चा रस वाटला गेला. त्यांपैकी ११ जणांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास झाला आणि आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने सगळे बरे झाले. घरी करायचेच असेल तर पूर्ण पिकलेली फळे देठांपासून वेगळी करून चांगली उकळावीत, आणि सिरपमध्ये मध घातला असेल तर ते एक वर्षाखालील बाळाला थेंबभरही देऊ नये. तिथे धोका एल्डरबेरीचा नसून मधातून होणाऱ्या बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेचा आहे.

बाटली विकत घेतानाही ती उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. पुढे मोठ्या अक्षरांत ‘प्रतिकारशक्तीला साहाय्य’ असते, शेजारी एक तारा असतो, आणि त्या ताऱ्याचा माग काढत गेले की मागे चौकटीत लिहिलेले असते की या विधानाची पडताळणी एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, केलेली नाही. १९९४ च्या कायद्यामुळे अमेरिकेत पूरक आहार बाजारात आणण्यापूर्वी गुण सिद्ध करावा लागत नाही. एका बाटलीवर अर्काचे वजन दिलेले असते, तर दुसरीवर त्यासाठी वापरलेल्या ताज्या फळांचे, त्यामुळे ‘हिच्यात जास्त आहे’ ही तुलना बहुधा फसवी ठरते. महाग एल्डरबेरीत काळ्या तांदळाचा स्वस्त अर्क मिसळल्याचीही उदाहरणे आहेत.

मुलांच्या बाबतीत माझी धास्ती सिरपपेक्षा त्याच्या भरवशावर घालवलेल्या वेळाची आहे. ओसेल्टामिविर लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तरच त्याचा चांगला उपयोग होतो, आणि दमेकरी मुलाचे किंवा सत्तरीतल्या सासऱ्यांचे हे दोन दिवस ‘चमचाभर देऊन बघू’ म्हणण्यात सहज निघून जातात. म्हणून एल्डरबेरीची बाटली घेऊन काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला मी यंदाची फ्लूची लस घेतली का, हे विचारते. नसेल तर ती आमच्याच दुकानात मिळते, आणि बहुतेकांच्या विम्यात तिला वेगळे पैसे पडत नाहीत.