मणीभिंत उजवी घालताना

लडाखच्या मार्खा खोऱ्यातील ट्रेकचा कार्यक्रम आयोजकांकडून आला, तेव्हा त्यात पहिले तीन दिवस लेहच्या आसपासच्या गोंपांचे, म्हणजे बौद्ध मठांचे, दर्शन, मग सहा दिवसांची चाल आणि शेवटी एक मोकळा दिवस असा क्रम होता. विमानाने थेट साडेतीन हजार मीटर उंचीवर उतरलेल्या माणसाला विरळ हवेची सवय व्हावी लागते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस हलक्या फिरण्यात घालवणे शरीराच्या दृष्टीने योग्यच असते. तरीही मी एक बदल मागून घेतला. थिकसे आणि शे ही जवळची ठिकाणे आधी बघू, पण आल्चीचे मंदिर ट्रेक संपल्यावर बघू, असे मी कळवले. त्या वेळी हा आग्रह मी केवळ अंदाजाने धरला होता. आता मात्र लडाखला पायी फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सुचवते.

लेहमधल्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी खोलीतून बाहेर न पडण्याची सूचना आम्ही आठही जणांनी पाळली, भरपूर पाणी प्यायलो आणि दिवसा झोप टाळली. दुसऱ्या दिवशी पहाटे थिकसेला गेलो. गच्चीवरून दोन लामांनी शंख आणि लांब कर्णे वाजवले आणि खालच्या सभागृहात प्रार्थना सुरू झाली. पाच-सहा वर्षांचे बालभिक्खू केटलीतून लोणी घातलेला खारा चहा वाढत होते. मी ते सारे मनापासून पाहिले, पण मला ते दुरूनच पाहिल्यासारखे वाटले. भिंतीवरचे देव कोण, भिंतीपाशी रचलेल्या पोथ्या कसल्या, हे गाइड सांगत होता आणि ऐकलेले सगळे दुपारपर्यंत एकमेकांत मिसळून गेले होते.

शे येथे राजा देलदान नामग्याल याने आपले वडील सेंगे नामग्याल यांच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात घडवून घेतलेली, तांब्याच्या पत्र्याची सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धमूर्ती आहे. ती घडवायला नेपाळहून कारागीर आणले होते आणि काम संपल्यावर त्यांतील काही जण झांस्कर नदीकाठच्या चिलिंग गावी स्थायिक झाले, असे सांगतात. हा तपशील लक्षात राहिला, याचे कारण दोनच दिवसांनी आमची चाल त्याच चिलिंगजवळून सुरू झाली. तिथली काही घरे आजही तांब्या-पितळेची भांडी, पळ्या, चहाच्या किटल्या घडवतात. एका घराच्या ओसरीवर घासून चकचकीत केलेली पळी हातात घेतली, तेव्हा शेची मूर्ती घडवणारे माणसांचे हात प्रथमच डोळ्यांपुढे आले.

झांस्कर ओलांडायला तिथे आता पूल आहे. पूर्वी तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून पलीकडे जावे लागे. पलीकडे मार्खा नदीचे खोरे सुरू होते आणि वाट तिच्या काठाकाठाने वर चढते. सह्याद्रीत वाढलेल्या पावलांना इथे सगळेच नवे वाटते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे, आणि इथे पहिल्या मुक्कामाचे गाव स्कियू त्याच्या दुपटीहून उंच आहे. झाड दिसते ते फक्त पाण्याजवळ, म्हणजे विलो, पॉप्लर आणि काटेरी सीबकथॉर्न. बाकी डोंगर तांबडे, जांभळे, करडे आणि पूर्ण उघडे. खोऱ्यात चालायचे ते पहाटे निघून, कारण नदीचे पाणी वरच्या बर्फाचे असते. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळला की पाणी चढते आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेला प्रवाह चार वाजता मांडीला लागतो.

पहिल्याच दिवशी आम्ही एक चूक केली. वाटेच्या मधोमध छातीइतकी उंच, दगडांची लांबच लांब भिंत होती आणि तिच्यावर कोरीव अक्षरांच्या शेकडो शिळा पसरल्या होत्या. पुढे असलेले आम्ही दोघे सरळ तिच्या उजव्या अंगाने निघालो. मागून येणारा गाइड थांबला. त्याने हाक मारली नाही. तो डाव्या अंगाने चालत पलीकडच्या टोकाला येऊन उभा राहिला आणि मग शांतपणे म्हणाला, "ही मणीभिंत आहे. हिला नेहमी उजव्या हाताला ठेवायचे." म्हणूनच भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वाट गेलेली असते. येणाऱ्याची एक आणि जाणाऱ्याची दुसरी. देवळाला उजवी घालून जाण्याची रीत माझ्या आजीने शिकवली होती, पण गावाकडे जाणारा रोजचा रस्ताच प्रदक्षिणेसारखा आखलेला मी पूर्वी कुठे पाहिला नव्हता. शेतावर जाणारी बाई, गाढवावर जळण लादून येणारा म्हातारा, शाळेतून परतणारी मुले, सगळे तिला उजवी घालत होते आणि त्यासाठी कोणी वेगळे थांबत नव्हते.

शिळांवर बहुतेक ठिकाणी 'ओम मणि पद्मे हूँ' हा अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा, मंत्र असतो. गावाच्या वेशीवर पुष्कळदा तीन छोर्तेन शेजारीशेजारी दिसतात. छोर्तेन म्हणजे स्तूप. त्यांतला पांढरा अवलोकितेश्वराचा, पिवळा किंवा तांबूस मंजुश्रीचा आणि निळसर वज्रपाणीचा. करुणा, प्रज्ञा आणि सामर्थ्य या तिघांनी मिळून गावाची राखण करायची, असा त्याचा अर्थ. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दोन बाजूंना पद्मपाणी आणि वज्रपाणी उभे आहेत आणि त्यांची छायाचित्रे आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहतो. पद्मपाणी म्हणजेच अवलोकितेश्वर. आपल्याकडे चित्र होऊन राहिलेला हा बोधिसत्त्व इथे वेशीवरच्या मारुतीसारखा कामावर आहे, हे समजल्यावर मी वाटेवरच्या प्रत्येक पांढऱ्या छोर्तेनपाशी क्षणभर थांबू लागले.

मुक्काम आम्ही तंबूंऐवजी घरांमध्ये केले आणि तो निर्णय फार चांगला ठरला. हे सारे खोरे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते. इथला हिमबिबट्या रात्री गोठ्यात उतरून एका वेळी अनेक मेंढ्या मारतो, आणि ते नुकसान सोसणाऱ्या गावकऱ्यांना त्याच बिबट्याच्या प्रदेशातून चार पैसे मिळावेत, या हेतूने या भागात घरगुती निवासाची पद्धत रुजवली गेली. घरे पाळीपाळीने पाहुणे घेतात, म्हणजे उत्पन्न एकाच्याच दारी जात नाही. आयोजकाने तंबूतली सहल स्वस्तात देऊ केली, तरी मी घरीच राहण्याचा आग्रह धरेन.

मार्खा गावातले आमचे घर मातीच्या विटांचे होते आणि त्याचे स्वयंपाकघर हीच घरातली सर्वांत मोठी खोली होती. मध्ये नक्षीची चूल, भिंतीभर फळ्यांवर ओळीने मांडलेली पितळी भांडी. घरच्या आजींना सगळे 'आमा-ले' म्हणत. 'ले' हा प्रत्यय आपल्या 'जी'सारखा आदराचा. त्यांनी स्क्यू केले होते, म्हणजे कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाजीच्या रश्श्यात शिजवलेले. पहिला घास घेताच आमच्यातल्या तिघींच्या तोंडून एकदमच 'वरणफळे' हा शब्द निघाला. आम्ही त्यांना वरणफळे कशी करतात ते गाइडमार्फत सांगितले. त्यांनी डाळीबद्दल दोनदा विचारून खात्री करून घेतली. आता या खोऱ्यात गाडीरस्ता शिरू लागला आहे. ट्रेकरांना त्याचे वाईट वाटते, मलाही वाटले. पण आमा-ले गुडघे दाखवून लेहच्या रुग्णालयाविषयी बोलत होत्या आणि ते ऐकल्यावर रस्त्याविरुद्ध काही बोलण्याचा माझा अधिकार संपला.

मार्खाच्या पुढे उभ्या कड्यावर टेचा गोंपा आहे. खालून पाहताना तो डोंगराचाच सुळका वाटतो. नागमोडी चढण संपल्यावर एका वृद्ध लामांनी दार उघडले. आत अंधार, लोण्याच्या दिव्याचा वास आणि एक छोटी खिडकी होती. त्या खिडकीतून आम्ही तीन दिवस चाललेली सगळी वाट, तिच्यावरच्या मणीभिंती आणि छोर्तेन एका ओळीत दिसत होते. थिकसेमध्ये जे मला सापडले नव्हते ते इथे सापडले. गोंपा हे त्या वाटेचे वरचे टोक आहे.

हांकरनंतर गावे संपतात. निमालिंगचे पठार सुमारे ४८०० मीटरवर आहे. उन्हाळ्यात खोऱ्यातल्या गावांची शेळ्या-मेंढरे आणि याक तिथे चरायला असतात, आणि पाठीशी कांग यात्से हे ६४०० मीटरचे हिमशिखर उभे असते. तिथे आमच्यातील एकाचे डोके दुपारपासून दुखत होते आणि संध्याकाळी त्याला उलटी झाली. उद्या खिंड ओलांडून पलीकडे उतरायचेच आहे, तर रात्र काढू, असे आम्ही म्हणत होतो. गाइडने ऐकले नाही. त्याने उजेड असेपर्यंत एक घोडा आणि सहायक सोबत देऊन त्याला हांकरला उतरवले. खाली गेल्यावर तासाभरात त्याला बरे वाटले आणि तो आम्हाला नंतर लेहमध्ये भेटला. मार्गदर्शकासह जाण्यातली खरी किंमत या एका निर्णयात होती. आम्हाला शिखर दिसत होते, त्याला माणूस दिसत होता.

कोंगमारू ला ही खिंड ५२०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शेवटचा चढ आम्ही वीस पावले आणि एक थांबा या हिशेबाने चढलो. माथ्यावर दगडांची रास, तिच्यावर शिंगे आणि पाच रंगांच्या पताका. गाइड आणि घोडेवाले एकदम ओरडले, "की की सो सो ल्हा ग्यालो!" म्हणजे देवांचा विजय असो. आमच्यापैकी कोणीतरी 'हर हर महादेव' म्हटले आणि त्यांनी तितक्याच जोराने साथ दिली. पलीकडची उतरण लांब आणि दगडी आहे. हेमिसचा मठ त्याच बाजूला आहे आणि आम्ही तो पाहिलाही, पण थकलेल्या अंगाने घाईत पाहिला. त्याला अर्धा दिवस तरी हवा.

आल्चीला जाताना निम्मूजवळ झांस्कर सिंधूला मिळते. जे पाणी आम्ही मार्खात पायांनी ओलांडले होते, तेच आता सिंधूत चालले होते. आल्चीचे मंदिर डोंगरावर नसून नदीकाठी जर्दाळूच्या बागांमध्ये आहे. ते काश्मिरी कलाकारांच्या हातचे असून सुमारे आठ-नऊ शतके जुने आहे. सुमत्सेक या तीन मजली मंदिरात अवलोकितेश्वर, मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध, आणि मंजुश्री यांच्या मातीच्या प्रचंड मूर्ती तीन कोनाड्यांत उभ्या आहेत. त्यांची मस्तके वरच्या मजल्यात जातात, त्यामुळे खाली उभ्या राहिलेल्या माणसाची दृष्टी थेट त्यांच्या धोतरांवर पडते. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचे चरित्र रंगवले आहे, मंजुश्रीच्या धोतरावर सिद्धपुरुष, आणि अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळे, वाडे, घोडेस्वार आणि माणसे. आत छायाचित्र घेता येत नाही आणि त्यामुळे आम्ही बराच वेळ नुसते पाहत राहिलो. पहिल्या दिवशी इथे आले असते, तर मी कलेचा उत्कृष्ट नमुना म्हणून हे पाहिले असते. आता मात्र तो पांढरा बोधिसत्त्व सहा दिवस वाटेवर भेटलेला ओळखीचा होता आणि त्याच्या वस्त्रावरच्या गर्दीत मी वाटसरू शोधत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी छत्रपती संभाजीनगरला गेले आणि औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यापर्यंत चढले. तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. मध्ये तो उभा, आणि दोन्ही बाजूंना आग, चोर, बुडणारे जहाज, सिंह, साप, माजलेला हत्ती अशी आठ संकटे. प्रत्येक संकटात सापडलेली माणसे हात जोडून त्याच्याकडे पाहत आहेत. आतल्या गाभाऱ्याभोवती अरुंद, अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. मी एकटीच होते. विजेरी न लावता, उजवा हात भिंतीवर ठेवून मी त्या मार्गाने फिरून आले.