आयर्विनवर आज तासभर

आज सकाळी सांगलवाडीला जाताना सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मुद्दाम चालत गेलो. एरवी आपण गाडीवरून भुर्रकन निघून जातो. कठड्यावरून वाकून पाहिलं तर दगडांच्या सांध्यात पिंपळाचं वीतभर रोप, चार तांबूस पानं वाऱ्यावर हलणारी. बघायला गोड, पण मुळं चुन्यात शिरली की दगड सुटायला लागतो. वरून कापून भागत नाही, मुळासकट काढून तो सांधा पुन्हा भरावा लागतो. पाणी जायची भोकं मातीनं बुजली होती. एकातली माती काडीनं उकरली, तर साचलेलं पाणी लगेच वाहायला लागलं. केवढं बरं वाटलं!

संस्थानाच्या काळात बांधलेला, 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला हा पूल. पावसाळ्यात अख्खी सांगली एकच विचारते, "आयर्विनला किती फूट?" नदीचं पाणी 40 फुटांवर आलं की इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. तेव्हाही हा उभा राहिला.

पण महाडचा सावित्रीवरचा जुना पूल 2016 च्या पुरात रात्रीत गेला, हेही विसरता येत नाही. पिंपळाचा फोटो काढलाय, उद्या ते रोप काढण्याच्या अर्जासोबत देणार आहे. कुणी येतंय का सोबत?