ढिगातला शर्ट

अल्टरेशनच्या कामात रोज तेच ते: कंबर सैल करा, बाही आखूड करा, चेन बदला. त्या दिवशी सकाळी मात्र एक महागडी पँट आली, जेमतेम तीनदा घातलेली. मांडीवर शिवणीलगत कापड जाळीसारखं विरलं होतं. टीप शाबूत होती, वीणच विरळ. अशा कापडावर ताण आला की धागे टिपेपासून सरकतात. आत दाबायला कापड सोडलं असतं तर शिवण आत घेतली असती, पण तेही कंपनीनं वाचवलेलं. परत दिली.

दुपारी एक काका आले. फिकट निळा शर्ट, कॉलर घडीवर झिजलेली. "उलटून मिळेल का?" म्हणाले. म्हणजे कॉलर उसवून, झिजलेली बाजू खाली घालून परत शिवायची. हे काम हल्ली कोणी सांगतच नाही. शर्ट आतून पाहिला: कडेला डबल शिलाई, टाके बारीक, इंचाला बारा तरी भरले. म्हटलं, "टेलर चांगला गाठलात."

"कसला टेलर! सेलच्या ढिगातला आहे. बारा वर्षं झाली."

विश्वास बसेना. मग त्यांनी सांगितलं. ढिगातला एकेक शर्ट उलटा करून शिवण दोन्ही बाजूंनी ओढून बघितली, कापड उजेडाला धरलं, मुठीत चुरगळून सोडलं. दुकानदार वैतागला तरी हलले नाहीत. घरी आणल्यावर घालायच्या आधी सगळी बटणं स्वतः पक्की केली. धुताना कायम उलटा, वाळत सावलीत. आणि एकसारखे दोन घेतले होते, आलटून पालटून घालायला.

मी ऐकत होतो आणि जरा ओशाळलो होतो. आयुष्य शिवणकामात गेलं, पण स्वतःसाठी घेताना मी रंग आणि लेबलच बघतो. शिवण ओढून कधी बघितली नाही.

कॉलर पट्टीतून उसवली, पलटली. खालची बाजू वर आली ती गर्द निळी. तिला ना ऊन लागलं होतं, ना मानेचं घासणं. अंग फिकं आणि कॉलर गडद. म्हटलं, "काका, रंग जुळणार नाही हं."

त्यांनी कॉलरवर बोट फिरवलं. "असा होता होय! विसरलोच होतो मी." मग पिशवीतून दुसरा काढला. "याचीही उलटा."