रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

पाळीत थोडंफार दुखतंच, हे मला मान्य आहे. माझ्या मैत्रिणींनाही दुखायचं. गोळी घेऊन, जरा पडून त्या कामाला लागायच्या. मला मात्र पाळीच्या आदल्या दिवसापासून ओटीपोटात पिळवटायला लागायचं, कळ कंबरेतून डाव्या मांडीत उतरायची आणि उलट्या व्हायच्या. कॉलेजात असताना पर्समध्ये मेफ्टाल स्पास या पाळीच्या दुखण्यावरच्या गोळीची स्ट्रिप कायम असायची. पुढे तिचाही उपयोग होईना.

घरी ओवा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, मेथ्या झाल्या. आई रात्रभर कंबर चोळत बसायची. गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. तीन-चार ग्लास पाणी पिऊन, लघवी दाबून, पोटावरून केलेली. रिपोर्ट नॉर्मल आला. "काही नाही, लग्न झालं की कमी होईल." पुढच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त लग्नाच्या जागी बाळंतपण आलं. दुखणाऱ्या मुलीला हा सल्ला देणं मला आजही अन्यायाचं वाटतं. लग्न हे औषध नाही, आणि मूल होणं हा माझ्या आजाराचा, पुढे ज्याचं नाव एंडोमेट्रिओसिस निघालं त्याचा, इलाजही नाही.

नोकरीसाठी पुण्यात आल्यावर त्रासाची तऱ्हा बदलली. पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवावी तशी कळ यायची. पाळी संपली की ती थांबायची, पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएसचं, म्हणजे आतड्याच्या एका नेहमीच्या त्रासाचं, औषध दिलं. ऑफिसातल्या एका ताईंच्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस होता, त्यांच्याकडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, कधी बीजकोशावर, कधी आतड्यालगत. त्यातून सूज येते आणि अवयव एकमेकांना चिकटू शकतात.

ताईंनीच सांगितलं, "नुसतं खूप दुखतं म्हणू नकोस, लिहून ने." मग मी एक साधी दोनशे पानी वही केली. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं दहापैकी किती, कुठे, गोळी कधी घेतली, किती वेळाने फरक पडला, शौचाला आणि लघवीला त्रास झाला का, कामावर गेले की नाही. काही महिन्यांच्या नोंदी झाल्यावर ती वही घेऊन एंडोमेट्रिओसिसचं काम जास्त करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले.

त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. शौचाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पाळीबरोबरच येतं आणि पाळीबरोबरच जातं, बरोबर?" मी हो म्हटलं. एवढा नेमका प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. मला रडू आलं, आई शेजारी बसली होती तिलाही आलं.

जुना रिपोर्ट नॉर्मल का आला, तेही त्यांनी समजावलं. बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसते. पोटाच्या अस्तरावरचे या आजाराचे बारीक ठिपके साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, आणि गर्भाशयामागची खोलवरची गाठ पोटावरून केलेल्या तपासणीत सहज निसटते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत आतडं आणि गर्भाशय एकमेकांवरून सरकतात की चिकटलेत, हेही कळतं. पण आपल्याकडे "लग्न झालंय का?" विचारलं जातं आणि नाही म्हटलं की तो पर्याय पुढेच येत नाही. मॅडमनी मला माझी मर्जी विचारली. मला नको होतं, तर त्यांनी एमआरआय लिहून दिला, आणि चिठ्ठीवर एंडोमेट्रिओसिसची शंका स्पष्ट नमूद केली. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं हे माहीत असेल तर फरक पडतो, त्यामुळे हा शब्द चिठ्ठीवर आहे ना, हे बघून घ्या. सीए-१२५ ही रक्ततपासणी मी आधी केली होती. ती इतर कारणांनीही वाढते आणि हा आजार असूनही नॉर्मल येऊ शकते, म्हणून तिच्यावर त्यांनी भर दिला नाही.

एमआरआयमध्ये गर्भाशयाच्या मागे खोलवरचा एंडोमेट्रिओसिस आणि डाव्या बीजकोशावर छोटी चॉकलेट सिस्ट दिसली. रिपोर्ट हातात आल्यावर भीती वाटायला हवी होती, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के मुली-बायकांना हा आजार आहे. म्हणजे आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत कुणीतरी असणार, आणि तिलाही बहुतेक लग्नाचाच सल्ला मिळत असणार.

दुर्बिणीतून ऑपरेशन केल्याशिवाय निदानच होत नाही, असं मला एका ठिकाणी सांगितलं होतं. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणं आणि सोनोग्राफी-एमआरआयसारख्या तपासण्यांवरून उपचार सुरू करता येतात. तपासण्यांत काही सापडलं नाही किंवा औषधाने गुण आला नाही, तर लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा, विचार होतो. बीजकोशावरच्या ऑपरेशनमध्ये बीजांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून त्यांनी घाई केली नाही. मला डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम ही हार्मोनची गोळी, रोज एक, सुरू केली.

पहिले काही महिने मध्येमध्ये डाग लागायचे आणि मन उगाच उदास व्हायचं. हे होऊ शकतं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून गोळी बंद केली नाही. आता पाळी येत नाही आणि मांडीत उतरणारी ती कळही नाही. शौचाचा त्रास बराच कमी आहे, पूर्ण गेलेला नाही. गोळी बंद केली तर दुखणं परतू शकतं, हे मला माहीत आहे. मूल हवं असेल तेव्हा वेगळं नियोजन करावं लागेल, त्यावरही आमचं बोलणं झालंय.

पुढच्या तपासणीत सिस्टबरोबर किडन्यांचीही सोनोग्राफी आहे. खोलवरचा आजार मूत्रवाहिनीवर दाब देऊ शकतो आणि किडनी सुजली तरी कधीकधी काही जाणवत नाही, म्हणून. वही अजून चालू आहे, ती घेऊनच जाणार आहे.