माळ्यावरचे स्की बूट

म्हापशात माझं छोटं वर्कशॉप आहे. पायाचे इनसोल, टाचेचे कप, लहान मुलांचे स्प्लिंट, डायबेटिसवाल्यांसाठी मऊ चपला, असलं सगळं आम्ही बनवतो. बांबोळीहून गोवा मेडिकल कॉलेजची चिठ्ठी घेऊन येणारे पेशंट जास्त, बाकी मग टाच दुखते म्हणून येणारे शिक्षक, हॉटेलात दिवसभर उभं राहणारी पोरं, जहाजावर काम करणारे तारवटी. गोव्यात राहून स्की बूट हातात घ्यायची वेळ तशी कमीच येते, पण आपले इतके लोक युरोपात कामाला आहेत की अधूनमधून येतेच. म्हणून आधी एक जोड उघडून, पुरता समजून घेतला होता. तरी त्या दिवशी जे बघितलं ते तसं आधी कधी बघितलं नव्हतं, आणि ते लिहायलाच हवं असं वाटलं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत असले बूट सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत पाहिजे.

चवथीच्या आधीचा आठवडा होता, बाहेर पाऊस आणि बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानाची ही गर्दी. त्यातून वाट काढत पेडण्याकडच्या मायलेकी आल्या. मुलगी कॉलेजात, शारीरिक शिक्षणाचं शिकते, आणि तिने गुलमर्गच्या स्कीइंगच्या कोर्सला नाव घालायचं ठरवलेलं. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची संस्था आहे तिथे, हिवाळ्यात स्कीइंगचे कोर्स घेते. मोबाईलच्या स्क्रीनवर आंचल ठाकूरचा फोटो, तीच मनालीकडची, जिने २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत ब्राँझ मिळवलं. बोलताना पोरीचे डोळे असे चमकत होते की मलाच हुरूप आला.

तिच्याकडे बूट होते. मामा ऑस्ट्रियात स्की रिसॉर्टच्या एका हॉटेलात किचनमध्ये आहे, त्याने पूर्वी कधीतरी कुणाकडून घेतलेले चांगल्या कंपनीचे बूट घरी आणून ठेवले होते, भाचीला कधीतरी होतील म्हणून. ते घराच्या माळ्यावर, कौलांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आता काढले तर दिसायला नवेकोरे, पण घातले की पाय दुखतो. आईचं म्हणणं, मॅडम जरा आतून कापूस-बिपूस घालून मऊ करून द्या.

मी म्हटलं, आधी पाय बघू दे बाय.

कागदावर अनवाणी उभं केलं, दोन्ही पायांवर सारखं वजन, आणि टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत माप घेतलं. २४.४ सेंटीमीटर. बसवून घेतलं तेव्हा थोडं कमी भरलं होतं, म्हणजे उभं राहिल्यावर तळव्याची कमान खाली बसते आणि पाय लांबतो. हे बऱ्याच जणांचं असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त माप उभं राहूनच घ्यायचं. स्की बुटाचा नंबर म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, मॉन्डोपॉइंट म्हणतात त्याला. आपला सहा नंबर सात नंबर तिथे चालत नाही. हिला २४.५ लागणार, आणि हातातल्या बुटावर लिहिलेलं २६.५. टाचेजवळ प्लास्टिकमध्येच मिलिमीटरचा आणखी एक मोठा आकडा कोरलेला असतो, तो सोलच्या लांबीचा, बाइंडिंग (बुटाला स्कीवर धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) सेट करणाऱ्या माणसासाठी, त्याचा आपल्या पायाशी संबंध नाही. मुलगी तोच आकडा बघून गोंधळली होती.

आता आईला प्रश्न पडला, बूट मोठा आहे तर मग दुखतो कसा? हा प्रश्न मला चपलांच्या बाबतीत पण रोज येतो. मोठ्या बुटात पाय सरकतो, बोटं पुढे आपटतात, टाच वर उचलली जाते, म्हणून माणूस वरची बकलं आवळत जातो, आणि पायाच्या वरच्या बाजूला जिथे कातडीखाली लगेच शिरा आणि नसा आहेत तिथेच सगळा दाब येतो. मग पाय बधिर होतो, बोटं गार पडतात. वर त्यांनी दोन-दोन जाड मोजे घालून बघितलेले, त्याने आणखीच वाईट. स्की बुटात एकच मोजा, पातळ, लांब, लोकरीचा नाहीतर सिंथेटिक, सुती नकोच कारण घाम धरून ठेवतो, आणि आतल्या थर्मलचा काठ बुटात खोचायचा नाही. दुखतंय म्हणून एक नंबर मोठा घ्या असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्की वळवायची ती नडगीने बुटाची जीभ दाबून, बुटातच पाय हलत असेल तर ते वळण स्कीपर्यंत पोचणार कसं.

मग मी लायनर बाहेर काढला. बूट दोन भागांचा असतो, बाहेरचं कडक शेल आणि आतला फोमचा मऊ लायनर, आणि खरं माप शेलचंच बघायचं, कारण लायनर वापराने दबतो, शेल दबत नाही. रिकाम्या शेलमध्ये अनवाणी पाय घालायचा, बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवायचा आणि टाचेमागे किती जागा उरते ते टॉर्च मारून बघायचं. दीड ते दोन बोटं उरली, म्हणजे साधारण १५ ते २० मिलिमीटर, तर शिकणाऱ्याला ठीक. रेसवाले त्याहून घट्ट घेतात. हिच्या टाचेमागे माझी तीन बोटं आरामात गेली आणि वर जागा राहिली. इथेच खरंतर निकाल लागला होता.

पण लायनर काढताना माझ्या हाताला बारीक चुरा लागला होता, पिवळसर, जुनी गादी झाडल्यावर पडतो तसा. मी शेल खिडकीजवळ नेऊन नीट बघितलं. वरून चकाचक. घोट्याच्या रिव्हेटपाशी मात्र केसासारखी एक रेघ. मी मुलीला आणि आईला दोन पावलं मागे सरकायला सांगितलं, बूट टेबलावर धरला, वरचा कफ, म्हणजे नडगीभोवतीचा भाग, बकलांनी बंद केला आणि दोन्ही हातांनी पुढे दाबला, माणूस गुडघा वाकवतो तितपतच. काड असा आवाज झाला आणि रिव्हेटपासून टाचेपर्यंत शेल फाटलं. वाकलं नाही, फाटलं, आणि तळहाताएवढा तुकडा फरशीवर पडला. त्याची कड बोटाने दाबली तर तीही मोडली.

आई तोंडावर हात ठेवून उभी. मुलगी काही बोललीच नाही.

हे का होतं ते सांगते. ही बहुतेक शेलं पॉलियुरेथेनची असतात. हवेतली ओल या प्लास्टिकच्या साखळ्या हळूहळू तोडते, हायड्रॉलिसिस, आणि उष्णता असेल तर ते काम आणखी भराभर होतं. उन्हाने वेगळं नुकसान होतं. आपल्याकडे लग्नाला एकदा घातलेला बूट खोक्यात ठेवतात आणि पुढच्या लग्नात मांडवातच त्याचा सोल तुकडे होऊन पडतो, ते हेच. पॉलियुरेथेनचे सगळे प्रकार सारखे नसतात, काही पुष्कळ टिकतात, पण कौलांखालचा मे महिन्यातला माळा, त्यावर चार महिने पाऊस, आणि ओल आत कोंडून ठेवणारी बंद पिशवी, याच्यापुढे कुठलंही टिकणं कठीण. वापरला नाही म्हणजे चांगला राहिला, ही समजूत या बुटांच्या बाबतीत अगदी धोक्याची आहे. हे शेल गुलमर्गला, २६५० मीटर उंचीवर, शून्याखालच्या थंडीत आणखी कडक झालेलं असताना, उतारावर फाटलं असतं तर? पाय बुटातून सुटतो आणि बुटाचा सोल बाइंडिंगमध्येच राहतो, किंवा स्की अडकून पाय पिळतो. गुडघ्याचे लिगामेंट गेलेले पेशंट मी रोज बघते, त्यामुळे तो तुकडा उचलताना माझ्या पोटात गोळा आला.

संध्याकाळी मामा स्वतः आला. चवथीला सुट्टीवर आलेला, पोरीने फोन करून सांगितलं होतं. पहिल्यांदा तो जरा रागातच होता, अहो मॅडम, एक सीझन पण धड घातले नव्हते ते, तिकडे नवे घ्यायचे तर किती युरो पडतात माहीत आहे का. मी काही वाद घातला नाही, दुसरा अखंड बूट त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच दाबून बघा भाऊ. त्याने दाबला. तोही त्याच जागी गेला. मग तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ ते तुकडे जुळवून बघत राहिला. एवढ्या लांबून उचलून आणलेली वस्तू होती ती, भाचीसाठी. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण ते बूट मी परत जाऊ दिले नाहीत, कुणीतरी फेविक्विक लावून वापरायला काढेल म्हणून तिथेच करवतीने कापले.

मग बोलता बोलता तो म्हणाला, माझा पण एक जोड आहे, हॉटेल बदललं म्हणून सगळं सामान घेऊन आलोय, उजव्या पायाला बाहेरून असं टोचतं की तासाभरात बकल सोडावं लागतं. मी म्हटलं आणा. पावसात स्कूटरवरून जाऊन घेऊन आला.

त्याचं माप मात्र बरोबर होतं, टाचेमागे दीड बोट. शेल ताजं, दाबल्यावर लवचिक, कुठे पांढरी रेघ नाही. दुखत होतं ते करंगळीच्या मागे, तळव्याच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड वर येतं तिथे. असं एका जागी दुखणं म्हणजे बूट मोठा घ्यायचं कारण नव्हे, तेवढीच जागा मोकळी करायची असते. हाड हाताने शोधलं, वर पातळ मोजा चढवला आणि मुलीच्या आईकडून लिपस्टिक मागून त्या उंचवट्यावर चांगली ठसठशीत लावली. लायनरशिवाय पाय शेलमध्ये घातला, टाच मागे टेकवून गुडघा वाकवायला लावला, पाय काढला. आत शेलवर लाल ठिपका. मी अंदाजाने दाखवलं असतं त्यापेक्षा जवळजवळ बोटभर मागे होता तो.

ठिपक्यावर बाहेरून खूण केली आणि हीट गनने लांबून, गन सतत हलती ठेवून, तापवत गेले. एका जागी धरली की प्लास्टिकला फोड येतात आणि ती जागा कायमची जाते. शेल नरम झाल्यावर आतून लाकडी गोळा, बाहेरून कडी, क्लॅम्प आवळला, पाहिजे त्याहून थोडं जास्तच ढकललं कारण ते थोडं परत येतं. आणि मग हात लावायचा नाही, पूर्ण गार होईपर्यंत क्लॅम्प तसाच. घाईत काढलं की सगळी मेहनत फुकट. रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी घालून पंधरा मिनिटं उभा राहिला, पाय हलवून बघत होता, चेहऱ्यावरच कळलं.

त्याच्याकडून आणखी एक कळलं, की तिकडे ओले बूट तो रोज रात्री हीटरला टेकवून ठेवायचा. ते करू नका म्हटलं, फोम आणि गोंद दोन्ही जातात. लायनर बाहेर काढा, आतला इनसोल पण काढा, खोलीच्या हवेत वाळू द्या, ओल जास्त असेल तर कोरा पेपर कोंबा. डांबरी रस्त्यावर स्की बूट घालून चालू नका, पुढच्या टोकाचा आणि टाचेचा सोल झिजला की बाइंडिंग नको तेव्हा सुटतं नाहीतर पाहिजे तेव्हा सुटत नाही. सीझन संपल्यावर पूर्ण वाळवून बकलं हलकी लावून ठेवा म्हणजे शेलचा आकार राहतो. आणि गोव्यात आणलात तर माळा नको, कारची डिकी नको, हवा खेळणारं कपाट, सुती पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात मधेमधे काढून फॅनखाली. खरं सांगायचं तर आणूच नका, तिकडच्या कोरड्या खोलीत राहू देत.

राहिली मुलगी. तिला मी सांगितलं की पहिल्या कोर्सला बूट विकत घ्यायची गरजच नाही, तिथे मिळतात ते घालायचे, फक्त निवडून घ्यायचे. फोमच्या डब्यात पायाचा ठसा घेऊन तिला इनसोलचा जोड करून दिला, कमान धरून ठेवणारा, जो भाड्याच्या बुटात घालून नंतर काढून घेता येईल. आणि वर्कशॉपमध्येच मामाच्या बुटावर सगळं करून दाखवलं. २४.५ मागायचा. लायनर काढून टाचेमागची बोटं मोजायची. फार कडक फ्लेक्स नको, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे तो आकडा, शिकणाऱ्या मुलीला ६० ते ८० पुरे, आणि तो आकडा कंपनीगणिक वेगळा लागतो म्हणून वाकून बघायचंच. घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, आधी घोट्यावरचं बकल, मग नडगीवरची, बोटांवरची सगळ्यात सैल. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. तिने सगळं वहीत चित्र काढून लिहून घेतलं.

फेब्रुवारीत तिचा गुलमर्गहून फोन आला. पहिल्या दिवशी तिथल्या माणसाने पायाकडे न बघताच २६.५ पुढे केला, हिने नको म्हटलं, तर तो म्हणे मॅडम थंडीत पाय फुगतात मोठाच घ्या. ही हटली नाही, चार जोड उपसायला लावले, प्रत्येकाचा लायनर काढून बघितला आणि शेवटी २४.५ मिळवला. ग्रुपमधल्या अजून दोन मुलींचे पण तिनेच बदलून घेतले. आता आवाज बसलाय, नाक सोललंय, पण पाय ठणठणीत आहेत म्हणाली.

मामाचा पण मेसेज आला ऑस्ट्रियाहून. बाहेरचं टोचणं पूर्ण गेलं, पण आता डाव्या बुटात आतल्या घोट्याला लागतंय. फोटो पाठवला होता, लायनर तिथे दबून पातळ झालाय असं दिसतं, शेलला हात लावायच्या आधी घोट्याच्या वर आणि खाली फोमच्या पट्ट्या चिकटवून बघता येईल. तिकडे हे करणारं कुणी मिळालं तर करून घ्या म्हटलंय, नाहीतर मे महिन्यात येताना डावा बूट तेवढा घेऊन या, आणि विमानात द्यायच्या आधी लायनर वाळवून.